सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर 1.1? आधी तार काढून बघा

गडावर पायी नेण्यासाठी शॉर्टवेव्ह सेट जमवणाऱ्या हॅम (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या) मंडळींसाठी हे लिहितोय. माझे 6,800 रुपये अँटेनाच्या ज्या काळ्या डबीत गेले, तसल्या डब्या आणखीही कुणाच्या गळ्यात पडत असतील.

सेट माझ्याकडे होताच. 5 वॅटचा एफटी-817, सॅकच्या कोपऱ्यात मावणारा. अडचण अँटेनाची. 7 मेगाहर्ट्झची अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण 20 मीटर भरते, ती ताणायला काठी, दोऱ्या आणि जागा लागते. तेवढ्यात एका विक्रेत्याने काळ्या डबीला 4 मीटर तार जोडलेला अँटेना दाखवला. 7 ते 28 मेगाहर्ट्झ, ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारी पेटी) नको. फोनवर कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं हॅमचं ओळखनाव) विचारला तर त्याने विषय बदलला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण यूपीआयने पैसे पाठवून बसलो.

गच्चीवर एसडब्ल्यूआर मीटर लावला. सेटने पाठवलेली पॉवर अँटेनाकडून किती परत येते, ते या आकड्यावरून कळतं; 1 म्हणजे काहीच परत येत नाही. 7, 14, 21, 28, कुठेही बघा, 1.1! मी हरखलो. रविवारी नाशिकजवळच्या रामशेज गडावर चढलो. पुण्याची स्टेशनं स्वच्छ ऐकू येत होती. दीड तास सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) पुकारलं, एकही उत्तर नाही. शेवटी पुण्यातल्या मित्राला फोन करून ठरल्या फ्रिक्वेन्सीवर कान लावायला सांगितलं. त्याच्याकडे काहीच पोचत नव्हतं. सेट गेला या धास्तीनेच गड उतरलो.

पंचवटीतल्या एका जुन्या हॅमकाकांनी सेटला हातही लावला नाही. "अरे, एवढ्या आखूड तारेला सगळीकडे 1.1? तार काढ बघू." तार काढली. काटा जागचा हलला नाही.

डबी करवतीने कापली. आत 50 ओहमचा रेझिस्टर, थेट सॉकेटला जोडलेला. तारेची जोडणी त्याच्याच एका टोकाला डागलेली. म्हणजे माझे 5 वॅट जवळजवळ सगळे डबी गरम करण्यात जात होते. एसडब्ल्यूआर फक्त किती पॉवर परत येते ते सांगतो. उरलेली हवेत गेली की उष्णतेत, हे त्याला कळत नाही. आणि ऐकू येतं म्हणून खात्री धरू नका. या बँडवर वातावरणाचाच गोंगाट सेटच्या स्वतःच्या आवाजापेक्षा खूप जास्त असतो. वाईट तारेवर स्टेशन आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी होतात, म्हणून कसल्याही तारेवर स्टेशनं लागतात.

विक्रेता आधी म्हणाला, तुमचाच सेट खराब असेल. कापलेल्या डबीचा फोटो पाठवला, तर नंबर ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत.

घेण्याआधी तार काढून मीटर दाखवणारा व्हिडिओ मागा. तार निघाल्यावर एसडब्ल्यूआर एकदम वर उसळलाच पाहिजे. त्याच विक्रेत्याकडून घेतलेल्या बॅटरीचीही तीच गत: 18650 सेलवर (बोटाएवढा लिथियम सेल) 9800 एमएएच क्षमता छापलेली. चांगल्यातला सेलही 3500 च्या आसपास थांबतो आणि 45 ग्रॅमच्या वर भरतो. माझा हातात घेताच हलका लागला.

काकांनी साध्या वायरचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे कापून दिले. मधला भाग मासे धरायच्या गळाच्या काठीवर, दोन्ही टोकं दोऱ्यांनी झुडपांना बांधून खाली उतरती. पुढच्या रविवारी रामशेजवर त्याच जागी बसलो. पहिल्याच सीक्यूला पुण्याच्या मित्राने उत्तर दिलं.