पाचशे डॉलरच्या आतली चकमकीची रायफल: आठ महिने, चारशे बार

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांचा एक हंगाम असतो. 1974 पासून त्यात बंदूक न्यायची तर चकमकीचीच (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) चालते, म्हणून असल्या स्वस्त रायफली तिथे भरपूर खपतात. माझी ही रायफल 0.50 कॅलिबरची आहे. निकाल आधीच सांगतो: पैसे वाचवलेत ते लॉकमध्ये (घोडा आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा), नळीत नाही.

नळीच्या आतल्या चरांना 48 इंचांत एक वळसा आहे. 0.490 इंची शिशाची गोळी, तिच्याभोवती 0.015 इंच जाडीची सुती चिंधी आणि मापाने 60 ग्रेन (वजनाचं छोटं एकक) तीन-एफ, म्हणजे बारीक दाण्याची, काळी दारू ठासली, की 50 यार्डांवर टेकून मारलेल्या पाच गोळ्या तीन इंचांत बसतात. 80 ग्रेनला त्याच गोळ्या विखुरतात. या किमतीत याहून जास्त मागू नये.

रड आहे ती ठिणगीची. नव्या रायफलीत घोडा पडला की लालसर, मेलेल्या ठिणग्या पडायच्या आणि प्यालीत (नळीबाहेरच्या दारूच्या वाटीत) पोचायच्या आधीच विझायच्या. ठिणगी पांढरट हवी, प्यालीत पडूनही तडतडणारी. गारगोटी जिच्यावर घासते त्या पोलादी पट्टीच्या खालच्या कोपऱ्यावर बारीक कानस फिरवून पाहा. घसरली तर पोलाद कडक. इथे कानस चावली, म्हणजे पट्टी नरम. ती बदलल्यावर अर्धं दुखणं गेलं. सोबत मिळालेला करवतीने कापलेला अकीकही काढून हाताने फोडलेली काळी गारगोटी लावा. ती चामड्यात आवळा आणि घोडा अर्ध्या चापावर (अर्धवट मागे ओढून अडकवलेला) असताना धार पट्टीपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर, पट्टीला समांतर ठेवा. तिरकी बसली तर एकच कोपरा घासतो आणि वीस बारांत धार जाते.

तरीही रंजक (प्यालीतली पेटवायची दारू) उडते आणि बार होत नाही? मग दोष बहुधा प्यालीतली आग नळीत नेणाऱ्या छिद्रामागे असतो. या रायफलीत नळीच्या बुडाशी दारूची अरुंद खोबण आहे, तिच्यात तेल साचतं आणि दारू भिजते. ठासण्याआधी बारीक ब्रशला चिंधी गुंडाळून स्पिरिटने ती कोरडी करा. रंजक तीन ग्रेन पुरे, तीही छिद्रापासून थोडी लांब. छिद्रावर ढीग केला तर ती वातीसारखी जळत जाते, आधी फुस्स आणि मग धाड, आणि तेवढ्यात नेम हलतो. काळ्या दारूऐवजी मिळणारी पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते. चकमकीत ती वापरूच नका. (कोकणातली शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक बहुतेक केपवर (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोपीवर) उडते, तिथे हे रंजकाचं झंझट नाही.)

बर्फ वितळतानाच्या दमट हवेत जळालेल्या दारूची काजळी पाणी ओढते आणि प्यालीत काळा चिखल होतो. दर अर्ध्या तासाने प्याली पुसून रंजक बदलायची.

लाकूड ठीक. माशीची (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेची) प्लास्टिकची काडी ढिली होते, एक थेंब गोंद लावून टाका.

सफाई त्याच दिवशी, साबणाच्या गरम पाण्याने. रात्रभर राहिलं तर गंज धरतो. छिद्राचा स्क्रू (ज्यात ते छिद्र पाडलेलं असतं) दर वेळी काढून आट्यांना ग्रीस लावा. त्याची खाच नरम आहे, एकदा अडकला की पेचकसाने खाचच सोलून निघते.