मॅक्सी स्कूटर: १२६, १४२ की २१४ किलो?

मॅक्सी म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या बांध्याच्या स्कूटर. त्यांतल्या यामाहा एरॉक्स १५५ चं कर्ब वजन, म्हणजे पेट्रोल-तेल भरून रस्त्यावर न्यायला तयार गाडीचं वजन, १२६ किलो, हिरो झूम १६० चं १४२ आणि बीएमडब्ल्यू सी ४०० जीटीचं २१४. अ‍ॅक्टिव्हाच्या साधारण १०६ किलोची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दोन आकड्यांत फार फरक वाटत नाही आणि तिसरा ऐकूनच घाम फुटतो. दोन्ही अंदाज थोडे थोडे चुकीचे आहेत.

युरोपात ३०० ते ४०० सीसीच्या मॅक्सी स्कूटर वाढल्या त्या शहराबाहेरच्या महामार्गांवरून रोज ऑफिस गाठणाऱ्यांसाठी. तिथे वजन आणि लांब व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) कामी येतात, कारण ताशी ११० च्या वेगात गाडी डगमगत नाही. आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू हे तिन्ही दुचाकींना बंद. उरतात जुने महामार्ग, घाट आणि शहर. म्हणजे इथे मॅक्सीचं वजन ताशी १०० ला नाही, ताशी ५ ला भेटतं: पार्किंगमधून मागे ओढताना, सिग्नलला पेव्हर ब्लॉकवर पाय टेकताना, चढावर यू-टर्न घेताना. निवड आधी तिथे करायची, वेगाचं नंतर बघू.

एक सावधगिरी आकड्यांबद्दल. परदेशी माहितीपत्रकात कधी कधी कोरडं वजन दिलेलं असतं, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरीसुद्धा वगळून. तुलना कर्ब वजनाशी कर्ब वजनाचीच करा. टाकी मोठी म्हणून गाडी जड, हा सेल्समनचा खुलासाही तपासून घ्या. एरॉक्सची टाकी साडेपाच लिटरची, झूमची सात लिटरची. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे टाकीमुळे फरक पडतो एक किलोचा. बाकीचे पंधरा किलो गाडीच्या अंगातच आहेत.

हे किलो हाताला कुठे लागतात? बेसमेंटच्या रॅम्पवर. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या रॅम्पवर बंद गाडी नुसती धरून ठेवायला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जोर लागतो: एरॉक्सला साडेबारा किलो, झूमला चौदा, सी ४०० जीटीला एकवीस. ढकलून वर चढवायची तर त्याहून जास्त. शिवाय स्कूटर मोटारसायकलसारखी गिअरमध्ये टाकून उभी करता येत नाही. उतारावर साइड स्टँडला लावली की ती पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि गाडी अंगावर येते. तोंड नेहमी चढाकडे ठेवा किंवा थेट डबल स्टँड लावा. डबल स्टँडला ताकद नाही, पद्धत लागते. दोन्ही टोकं जमिनीला टेकली की उजव्या पायाने स्टँडच्या दांडीवर पूर्ण भार द्यायचा, हाताने फक्त दिशा द्यायची. वर उचलायला गेलात तर १२६ किलोही जड जातील. हा प्रयोग शोरूममध्येच करा, सेल्समनने मदतीला हात पुढे केला तर थांबवा.

सीटच्या उंचीचे आकडे तर सरळसरळ फसवतात. एरॉक्स ७९० मिमी, झूम ७८७, सी ४०० जीटी ७७५. कागदावर बीएमडब्ल्यू सगळ्यात बुटकी, पण तिची सीट आणि पाय ठेवायच्या फळ्या इतक्या रुंद आहेत की मांड्या फाकतात आणि टाचा उचलल्या जातात. साडेपाच फुटांखालच्या माणसाने बूट घालून दोन्ही पाय टेकून पाहावेत, एक पाय टेकणं पुरेसं नाही. झुकलेली गाडी सावरायची वेळ नेमकी त्याच बाजूला येते जिकडे रस्ता खोलगट असतो. मॅक्सीवर सीट आणि हँडल यांच्यामधला उंच कणा ओलांडून बसावं लागतं हेही लक्षात घ्या. साडीत, किंवा गुडघे दुखत असतील तर, ही गाडी रोजची डोकेदुखी होते. पायात गॅस सिलिंडर ठेवायची सोय तर नाहीच.

आता चालत्या गाडीचं. मंद वेगात सावरायला स्कूटरला हाताचा क्लच नसतो. म्हणून यू-टर्नमध्ये थ्रॉटल किंचित उघडा ठेवून मागचा ब्रेक हलका धरायचा. थ्रॉटल पूर्ण सोडला तर सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाच्या फेऱ्यांनुसार आपोआप लागणारा-सुटणारा) सुटतो, मागच्या चाकाची ओढ तुटते आणि वळणाच्या मधोमध गाडी आत कोसळायला बघते. जड गाडीत हे दुप्पट जाणवतं. घाटात उतरतानाही वेग फार पडला की याच कारणाने इंजिन ब्रेकिंग नाहीसं होतं आणि गाडी मोकळी सुटते. जुनी गाडी बघत असाल तर सुटताना थरथरते का बघा. क्लच शूज (क्लचमधले पकड घेणारे तुकडे) काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा गिअरचं काम करणाऱ्या व्हेरिएटरचे रोलर एका बाजूने झिजलेत, तर हलकी एरॉक्ससुद्धा ट्रॅफिकमध्ये अवजड वाटते.

एकदा वेग आला की सोळा किलोंचा फरक विरू लागतो. नुसत्या गाडीचा हिशेब केला तर एरॉक्सच्या प्रत्येक पीएसवर (अश्वशक्तीचं एकक) ८.४ किलो येतात, झूमच्या ९.६, म्हणजे चौदा टक्क्यांचं अंतर. ७५ किलोचा माणूस बसवला की ते नऊ टक्के राहतं, मागे दुसरा बसला की सात. खंबाटकीला डबल सीट चढताना दोन्ही गाड्या सारख्याच कण्हणार.

खड्ड्यांचं गणित मात्र वेगळं, आणि ते वजनाच्या आकड्यात दिसत नाही. दोन्हींना १४ इंची चाकं आहेत, ही मोठी जमेची बाजू. १२ इंचाचं चाक जिथे आत जातं तिथे ही वरून निघतात. पण एरॉक्सचा मागचा टायर १४०/७० आणि झूमचा १४०/६०. म्हणजे एरॉक्सच्या टायरची भिंत ९८ मिमी, झूमची ८४. त्यात इंजिन, सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारी आपोआप गिअरची यंत्रणा) आणि मागचं चाक असा सगळा गठ्ठा एकत्र वरखाली होतो, त्यामुळे स्कूटरचं मागचं टोक स्वभावतःच कडक आदळतं. ती १४ मिमीची हवा इथे कामाला येते. झूमकडे त्याबदल्यात दहा मिमी जास्त ग्राउंड क्लिअरन्स आहे, १४५ ऐवजी १५५. गावठाणातले उंच स्पीड ब्रेकर आणि मागे भरभक्कम माणूस अशी रोजची परिस्थिती असेल तर तिथे झूमचं पारडं जड. एकट्याने शहरात फिरायचं असेल तर एरॉक्सची चपळाई हवीहवीशी, आणि आमचं मत तिच्याच बाजूला झुकतं. पावसाळ्यात ब्रेकच्या बाबतीत दोघींत डावंउजवं नाही: चाक जाम होऊ न देणारं एबीएस फक्त पुढे, मागे ड्रम. ओल्या उतारावर मागचा ब्रेक दाबून धरला तर चाक घसरणार.

सी ४०० जीटी या दोघींच्या रांगेत बसत नाही. ३४ अश्वशक्ती, पुढे २६५ मिमीच्या दोन डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, १२.८ लिटरची टाकी. २०२१ मध्ये ती ९.९५ लाखांना आली. जुन्या महामार्गावर ती खरोखर रेल्वेसारखी जाते, आणि कोथरूडच्या गल्लीत तिचा मालक रिव्हर्स गिअरची आठवण काढतो. परदेशातल्या मराठी वाचकांना यामाहा एक्समॅक्स ३०० (१८३ किलो) आणि होंडा फोर्झा ३५० (१८५ किलो) या दोन गाड्या जास्त उपयोगी. वजन जवळजवळ सारखं, पण एक्समॅक्सचा पुढचा फोर्क मोटारसायकलसारखा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरलेला आहे, त्यामुळे वेगात वळताना हँडल नेमकं लागतं. फोर्झाची सीट ७८० मिमी, एक्समॅक्सपेक्षा १५ मिमी खाली. रोज शंभर वेळा पाय टेकवायचे असतील तर फोर्झा, मोकळ्या रस्त्याची ओढ असेल तर एक्समॅक्स.

टॉप बॉक्स लावायचा विचार बहुतेकांच्या मनात असतोच. १३५० मिमी व्हीलबेसच्या एरॉक्सवर मागच्या अ‍ॅक्सलच्या २५० मिमी मागे १० किलो टांगले, तर मागच्या चाकावर जवळजवळ १२ किलो येतात आणि पुढचं चाक दोन किलोंनी हलकं होतं. वेग साठवरून चाळीसवर उतरताना हँडल लडबडायला लागलं, तर आधी बॉक्स रिकामा करून बघा, मग पुढच्या टायरची झीज, मग कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). कोनसेट तपासायला गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं टोक दाबून पुढचं चाक हवेत आणा आणि हँडल हळूच दोन्हीकडे फिरवा. अगदी मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर तो बदलायला आला. मागचा टायर मधोमध चपटा झाला असेल तरी गाडी वळायला हट्टी होते, आणि १४० सारख्या रुंद टायरमध्ये हे लवकर कळत नाही.

टेस्ट राइडला निघण्याआधी डेमो गाडीची हवा तपासून घ्या. शोरूमबाहेर दिवसचे दिवस उभ्या असलेल्या गाडीत ती कमी असते, आणि पाचसहा पीएसआय कमी हवेची एरॉक्स हँडलला झूमपेक्षा जड लागते. स्टिकरवर लिहिलेला दाब भरून, मागे घरचं माणूस बसवून, एक स्पीड ब्रेकर आणि एक अरुंद यू-टर्न तरी घ्याच.