मोफत ई-सर्च: भूसंपादनाच्या दाव्यासाठी पहिलं हत्यार

जमीन संपादनात जात असेल तर नुसत्या रेडी रेकनरवर (सरकारी जमीन दरांच्या तक्त्यावर) विसंबू नका, नोंदणी विभागाची मोफत ई-सर्च ही सेवा उघडा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ जमिनीचा बाजारभाव ठरवताना आधीच्या ३ वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतं. त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी रेडी रेकनरपेक्षा जास्त असेल, तर तीच धरतात. गाव, वर्ष, गट नंबर टाकला की सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या खताचा गोषवारा, दिसते: क्षेत्र, मोबदला, तारीख. खटकतं ते एवढंच, की एकेक गट टाकत बसावं लागतं. बागायतीच्या दाव्याला जिरायतीचं खत जोडू नका, सरासरी पडते. शिवाय साधी प्रिंट पुरत नाही. दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल घ्याच. भरपाईचा निवाडा झाला तेव्हा तुम्ही हजर होतात? मग भरपाई मान्य नसेल तर कलम ६४ चा अर्ज निवाड्याच्या तारखेपासून ६ आठवड्यांत द्या.