वर्डमधलं मराठी-इंग्रजी स्विचिंग: ऑल्ट-शिफ्ट सोडल्यानंतरचा अनुभव

मी खरेदीखतं, भाडेकरार टाइप करतो, वर्डमध्ये, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर. सगळा मजकूर मराठी आणि मधेच पॅन नंबर, ईमेल, आयएफएससी कोड इंग्रजीत, त्यामुळे एकेका पानात किती वेळा भाषा बदलावी लागते ते हे काम करणाऱ्यालाच कळेल. इतकी वर्षं ऑल्ट-शिफ्टवर भागत होतं, पण यंदा लॅपटॉपचं नेमकं डावं ऑल्टच बसलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे एक बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदला, आणि आकडा असा सांगितला की मी सरळ लॅपटॉप उचलून घरी आलो. एका बटणासाठी एवढे पैसे का म्हणून द्यायचे?

मग विंडोज की आणि स्पेस वापरायला लागलो. चालतं, पण भाषांच्या यादीत इंग्लिश इंडियाच्या जोडीला इंग्लिश युनायटेड स्टेट्सही येऊन बसलेलं, ते काढल्यावर जरा बरं झालं.

तरी खरा वैताग वेगळाच आहे. ऑल्ट-शिफ्ट घ्या नाहीतर विंडोज-स्पेस, दोन्ही फक्त पुढच्या भाषेवर नेतात, आत्ता कुठली चालू आहे ते तुम्ही लक्षात ठेवायचं नाहीतर दर वेळी टास्कबारच्या कोपऱ्यात बघायचं. माझी नजर असते हाताने लिहिलेल्या कच्च्या मसुद्यावर, ओळभर टाइप करून वर बघावं तर 'काम'च्या जागी त्याच बटणांवरची इंग्रजी अक्षरं, के-ई-सी. उलटं झालं तर अजून घाण, टी-एच-ई दाबलं की ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला दीर्घ उकार आणि पुढे 'पा'. अख्खी ओळ खोडून परत टाइप करा.

यावर उपाय विंडोजमध्येच आहे पण किती आत ठेवलाय बघा: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. त्या यादीत प्रत्येक भाषेची वेगळी ओळ असते आणि तिला स्वतःचा शॉर्टकट देता येतो, कंट्रोल किंवा डावं ऑल्ट-शिफ्ट, सोबत एक आकडा. माझं ऑल्ट गेलेलं म्हणून कंट्रोल घेतलं. फक्त एक, कंट्रोलसोबत १, २, ५ आणि ० देऊ नका, वर्डमध्ये पहिल्या तिघांवर लाइन स्पेसिंग आहे आणि शून्यावर परिच्छेदाआधीची जागा. मी ६ मराठीला दिला, ७ इंग्रजीला.

आणि काय सांगू, कामच बदललं! कंट्रोल-६ म्हणजे मराठीच, आधीपासून मराठी असली तरी मराठीच, दोनदा दाबलं तरी मराठीच. शंका आली की दाबायचं आणि पुढे जायचं, कागदावरून मान वर करायची गरज नाही. हे मराठी कीबोर्ड टाकतानाच समोर का विचारत नाहीत?

अजून एक. वर्डच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली एक टिक असते, आजूबाजूच्या मजकुराप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलायची. ती मी रागानेच बंद केली होती, कारण पॅन नंबरच्या मागच्या स्पेसवर कर्सर ठेवला की कीबोर्ड इंग्रजी व्हायचा आणि मराठी शब्द बिघडायचा. पण जुने दस्त तपासताना आता तीच बरी वाटते, पॅनवर क्लिक केलं की इंग्रजी, नावावर केलं की मराठी, हात न लावता. म्हणून दुरुस्तीला चालू आणि नवीन टायपिंगला बंद असं ठेवलंय, फक्त त्यासाठी दर वेळी फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड करत खाली जावं लागतं, त्यालाही एक शॉर्टकट द्यायला हवा होता.