बफरवर एच-टू कोरलेलं होतं, आत निघालं शिसं

एआर-१५ रायफलीचा बफर (दस्त्यातल्या नळीत स्प्रिंगच्या पुढे बसणारा वजनी दट्ट्या) जड करून घ्यायच्या विचारात असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. इकडे अमेरिकेत नेमबाजीच्या रेंजवर जाणारी आपली मराठी मंडळी आता बरीच झालीयेत, आणि ज्याला त्याला ऑनलाइन स्वस्तातला "कस्टम बफर" दिसतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी रायफल १६ इंची बॅरलची, कार्बाइन लांबीची (म्हणजे आखूड) गॅस सिस्टीम, जी गोळीमागचा थोडा गॅस वळवून रायफलीची यंत्रणा मागे ढकलते. अशा रायफलींना बऱ्याचदा गॅस जरा जास्तच मिळतो. रिकाम्या पुंगळ्या एक वाजायच्या दिशेला (नळीचं तोंड बारा धरा) लांब उडायच्या, कडा वाकलेल्या असायच्या, आणि खांद्याला झटकाही नको तेवढा. अशा वेळी बफर थोडा जड केला की बोल्ट कॅरिअर (प्रत्येक गोळीला मागे-पुढे होणारा भाग) मागे यायला जरा उशीर लावतो आणि सगळं शांत होतं. ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (गॅस कमी-जास्त करणारा भाग) हा दुसरा उपाय, पण त्यात खोलाखोली जास्त. बफर बदलणं दोन मिनिटांचं काम.

आता बफरच्या आत काय असतं ते समजून घ्या, कारण सगळी लबाडी तिथेच चालते. ॲल्युमिनियमची पोकळ नळी, तिच्यात तीन वजनं, मध्ये रबराच्या चकत्या, आणि शेवटी रोल पिनने (आडव्या पोकळ खिळीने) अडकवलेला बंपर, म्हणजे धक्का झेलणारा तुकडा. साध्या कार्बाइन बफरमध्ये तिन्ही वजनं स्टीलची, एकूण ३ औंसाच्या आसपास म्हणजे ८५ ग्रॅम. एक वजन काढून टंगस्टनचं घातलं की झाला एच, ३.८ औंस. दोन घातली की एच-टू, ४.६ च्या आसपास, १३० ग्रॅम. तिन्ही टंगस्टनची म्हणजे एच-थ्री, साडेपाच औंसाच्या आतबाहेर. महाग असतं ते टंगस्टन, बाकी सगळा किरकोळ माल. आणि इथल्या फेडरल कायद्यात बंदूक म्हणून धरतात ती लोअर रिसीव्हर (ट्रिगर बसतो तो खालचा सांगाडा), बफरला ना नंबर ना लायसन्स, त्यामुळे घरी बसून कोणीही दुकान मांडू शकतो.

मला ऑनलाइन असाच एक कस्टम बफरवाला विक्रेता भेटला, बोलायला एकदम गोड. रायफलीची सगळी माहिती विचारली, पुंगळ्यांचे फोटो मागवले, म्हणाला तुम्हाला एच-टू लागेल, मी तुमच्यासाठी खास बनवून देतो. पैसे पेमेंट ॲपमधल्या "मित्र-नातेवाईक" या पर्यायाने पाठवा, डिस्काउंट देतो म्हणाला, त्याला मी नाही म्हटलं आणि क्रेडिट कार्डनेच दिले. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

बफर आला. वर एच-टू सुबक कोरलेलं, फिनिशिंग छान. लावून बघितला तर फरक पडला की! पुंगळ्या दोनच्या पुढे सरकल्या. आणि सगळी मेख इथेच आहे, फरक थोडा का होईना पडतोच, म्हणून लोक खुश होऊन पाच स्टार देऊन मोकळे होतात. एच-टू म्हटल्यावर जेवढा पडायला हवा तेवढा मला वाटेना, म्हणून काट्यावर ठेवला. ११० ग्रॅम. म्हणजे जेमतेम एच.

त्याला कळवलं तर म्हणे तुमचा काटा खराब आहे, लोहचुंबक लावून बघा, टंगस्टनला चिकटत नाही. लावलं, खरंच कुठेच चिकटलं नाही. पण अहो, एच-टूमध्ये एक वजन स्टीलचं असायलाच पाहिजे ना, मग निदान तिथे तरी लोहचुंबकाला ओढ लागायला हवी! ॲल्युमिनियमच्या नळीतूनसुद्धा ती जाणवते, साधा बफर घेऊन बघा. शिवाय लोहचुंबक शिशालाही चिकटत नाही. आणि उलट, खऱ्या टंगस्टनच्या वजनांत बऱ्याचदा निकेल-लोखंड मिसळलेलं असतं, त्याला किंचित ओढ लागू शकते. म्हणजे ही टेस्ट म्हणजे निव्वळ धूळफेक.

रोल पिन पंचने ठोकून काढली आणि तिन्ही वजनं बाहेर घेतली. वरून चकचकीत मुलामा, नखाने ओरखडलं की खाली मऊ करडं, कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ. टंगस्टनवर नखाचा ओरखडा उठत नाही. तरी खात्री म्हणून एकेक वजन दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत तोललं. हवेत २८-२९ ग्रॅम, पाण्यात अडीच ग्रॅम कमी, हवेतल्या वजनाला या घटीने भागलं की घनता निघते, ती आली ११ च्या वर. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८, टंगस्टनची १९ च्या वर आणि त्याच्या मिश्रधातूची साधारण १७-१८. विषय संपला.

फोटो पाठवल्यावर साहेब एकदम नरमले, "चुकून दुसरा लॉट गेला, नवीन पाठवतो". मी तोपर्यंत कार्डाच्या बँकेत डिस्प्यूट टाकला होता. नवीन बफर आला, काट्यावर बरोब्बर १३०. इथे कोणीही गप्प बसला असता. पण कानाशी धरून हलवला तर आवाजच नाही. बफरमधली वजनं मोकळी असतात, खडखडतात, आणि ती तशीच हवीत. बोल्ट कॅरिअर पुढे जाऊन आदळला की तो मागे उसळू बघतो, तेवढ्यात ही सरकती वजनं मागून येऊन धडकतात आणि त्याची उसळी थोपवतात. सगळं ठासून घट्ट बसवलं की वजन कितीही असू दे, हे काम होत नाही. उघडला तर एक वजन खरं टंगस्टनचं, दोन शिशाची, आणि रबराच्या चकत्या काढून तिथे शिशाचा पत्रा दुमडून कोंबलेला. काय डोकं चालवलंय! काटा फसवायलाच बनवलेला माल. हे शिसं ठोके खाऊन चपटणार, फुगणार आणि नळीतच अडकून बसणार, ते वेगळंच.

आणि नवीन बफर पाठवण्यामागचा हेतू मला नंतर कळला. त्याने बँकेला ट्रॅकिंग नंबर दिला, बदली माल पोचला, तक्रार मिटली म्हणून. मग मी काट्यावरचे, पाण्यातले, दुमडलेल्या पत्र्याचे सगळे फोटो आणि त्याचे मेसेज बँकेला पाठवले. कार्डाच्या व्यवहारात पहिलं स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी लागते, त्यामुळे विक्रेता "पाठवतो, पाठवतो" करत दिवस काढत असेल तर थांबू नका, आधी हरकत टाका. "मित्र-नातेवाईक" म्हणून पाठवलेल्या पैशांना असलं संरक्षण सहसा मिळत नाही, म्हणून तर तो डिस्काउंट. पार्सल टपालाने आलं असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे (टपाल खात्याची तपास यंत्रणा) आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी फेडरल संस्था) ऑनलाइन तक्रार करता येते, मी दोन्हीकडे केलीये.

ज्यांच्याकडे असा बफर आधीच आहे त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री करून तो बाहेर काढा (स्प्रिंगचा दाब असतो, बोटाने दाबून धरून काढा), तोला, हलवा, एवढं केलं तरी बरंच कळतं. वजनं उघडलीत तर हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते. आणि कृपा करून तो बफर पुढे कोणाला विकू नका.

माझे पैसे परत आले. तो गडी मात्र नाव बदलून पुन्हा विकतोय, फोटो तेच, आता "एच-थ्री" पण ठेवलेत.