टॅपेटची टकटक आणि फीलर गेज: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी म्हणजे मोटरसायकल, १५० सीसी, एअरकूल्ड, दोन व्हॉल्व्हची (इनलेट ही मिश्रण आत घेणारी झडप, एक्झॉस्ट ही धूर बाहेर सोडणारी). इंदूरच्या लोकमान्यनगरातून राऊमार्गे पीथमपूर, रोजची ये-जा. हेडमधून (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) टकटक सुरू झाली तेव्हा एका मेकॅनिकने काहीही न उघडता हाफ इंजिनचा (सिलिंडर-पिस्टनच्या दुरुस्तीचा) खर्च सांगितला. तो खर्च करण्याआधी सियागंजातून साधा पात्यांचा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांनी बारीक फट मोजायचं साधन) आणला. आज त्याची किंमत शंभरदा वसूल झाली आहे असं मी म्हणेन.

पण गेज हातात घेण्याआधी आवाज नेमका कुठला ते ठरवा. कॅमशाफ्ट (रॉकर नावाच्या दांड्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणारी) क्रँकच्या (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे १४०० आरपीएमच्या आयडलला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा उघडतो. रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट म्हणजे टॅपेटचा गॅप; तो वाढला की प्रत्येक वेळी ठोका बसतो. म्हणून टॅपेटची टकटक बारीक, एकसारखी असते आणि रेस वाढवली की त्याच मापात वाढते. टायमिंग चेन सैल असेल तर खळखळ येते, तीही थंड इंजिनावर किंवा रेस सोडताना जास्त. सायलेन्सरच्या जोडावरची गॅस्केट फुटली की हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो, मात्र तो चढावर, लोडवर वाढतो आणि जोडापाशी काळी काजळी दिसते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला. आमच्याकडे आवाज एक्झॉस्टच्या टोपणाखालून येत होता.

मोजमाप सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाचं चाक) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, जुळवायची आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात ना ते पाहायचं. एखादा घट्ट असेल तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवायचं, कारण खूण दोन्ही स्ट्रोकला जुळते. माझ्या मॅन्युअलमध्ये इनलेट ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.१२ मिमी आहे (तुमच्या गाडीचं तुम्ही बघा). एक्झॉस्टला ०.२० चं पातं अडखळल्याशिवाय आत गेलं! गॅप बसवल्यावर पातं ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे. खरी कसोटी लॉकनटची (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट): तो आवळताना स्क्रूही थोडा फिरतो आणि गॅप बदलतो. म्हणून नट आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचंच.

त्या दिवसापासून टकटक गेली ती गेलीच. शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक आहे आणि ती असायलाच हवी. ती मारण्यासाठी टॅपेट घट्ट करू नका, कळकळीने सांगतो. व्हॉल्व्हची उष्णता सीटवाटे (बंद झाल्यावर तो टेकतो ती कडा) हेडमध्ये उतरते. तो सीटवर पूर्ण बसलाच नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन पडतं, आणि आवाज मात्र काहीच येत नाही. जाड ऑइल टाकून आवाज दाबणंही तसलंच.

आता गेजबद्दल. पाती सरळ आहेत, टाकीखाली हात वळत नाही. वाकड्या टोकाचा मिळाला तर तोच घ्या. ०.१२ चं पातं नाही, ०.०५ आणि ०.०७ पुसून एकत्र लावतो. पावसाळ्यात गंज धरतो, ऑइलचा हात फिरवून ठेवावा लागतो. एक मर्यादा जाणून घ्या: रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पातं खड्ड्यावरून पूल बांधतं आणि खरा गॅप मोजलेल्यापेक्षा जास्त राहतो. गॅप बरोबर असूनही आवाज आला तर टोपण काढून ते टोक बॅटरीने बघा.

हायड्रॉलिक टॅपेटवाल्या (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप राखणाऱ्या) गाडीला हा गेज नको. शिमवाल्या (स्क्रूऐवजी ठरावीक जाडीची चकती असलेल्या) इंजिनात गॅप मोजता येईल, पण बदलायला योग्य जाडीची शिम लागते आणि ते काम जाणकाराकडेच द्या.