पांढरी सातपर्यंत उतरताना: डॅडारिओच्या ईएक्सएल १६५-५ तारांचा अनुभव

वाद्यवृंदात बास गिटार वाजवणाऱ्याला पाचवी तार केवळ हौसेपोटी लागत नाही. पुरुष गायकांची गाणी बहुधा काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोनमध्ये (म्हणजे हार्मोनियमची ती पट्टी षड्ज मानून) असतात आणि चार तारांची बास तर खाली पांढरी तीनवरच, म्हणजे तिच्या सर्वांत जाड ई तारेवरच थांबते. त्यामुळे काळी एकचा षड्ज हवा असेल तर ईच्या शेजारच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी), म्हणजे वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो. पांढरी सातमध्ये लावलेली बी ही पाचवी तार असली की तोच षड्ज तिच्या दुसऱ्या फ्रेटवर एक सप्तक खाली मिळतो. मात्र तो सूर म्हणून ऐकू येतो की नुसती घरघर म्हणून, हे तारेवर आणि ती कशी चढवली आहे यावर ठरते.

माझी बास ३४ इंची स्केलची (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच) आहे आणि तिच्यावर आधी १२५ जाडीची बी होती. (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात.) ई तार १०५ ची असेल तर १२५ च्या बीवरचा ताण ढोबळ हिशेबाने ईपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी भरतो. बोटाखाली ती लोंबल्यासारखी वाटायची, जोरात छेडली की फ्रेटवर आपटायची आणि सूर क्षणभर चढून मग खाली यायचा. डॅडारिओ कंपनीच्या ईएक्सएल १६५-५ या संचात तारा ४५, ६५, ८५, १०५ आणि १३५ अशा आहेत. १३५ च्या बीमुळे ईशी असलेली ही तफावत सात टक्क्यांच्या आसपास येते, आणि हा फरक कानाआधी उजव्या हाताला कळतो. निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी गुंडाळीमुळे आवाजाला धार आहे, तरी ती कानाला टोचत नाही.

पहिल्या दिवशी मात्र माझी निराशा झाली, आणि दोष सर्वस्वी माझाच होता. मी तार फार आखूड कापली, त्यामुळे ट्यूनरच्या (तार ताणण्याच्या खुंटीच्या) खांबावर जेमतेम एक वेढा बसला. त्यातही ती वरच्या बाजूला राहिल्याने नटवर, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचा असलेल्या पट्टीवर, पुरेशी दाबली जात नव्हती. मोकळी बी वाजवली की सतारीसारखी झणझण यायची. सुटी बी आणून पुन्हा चढवली तेव्हा अडीच वेढे वरून खाली उतरत गुंडाळले आणि तारेला पीळ पडू दिला नाही, कारण पीळ पडलेली जाड तार मुकी होते. नटची खाच १२५ साठी कापलेली होती, तीही कारागिराकडून किंचित रुंद करून घ्यावी लागली. या कामाचा खर्च संचाच्या किमतीत धरूनच खरेदी करावी.

याहून महत्त्वाची गोष्ट मला उशिरा समजली. दुसऱ्या टोकाला ब्रिजवर प्रत्येक तार ज्या सरकवता येणाऱ्या तुकड्यावर टेकते त्याला सॅडल म्हणतात; इतकी जाड तार सॅडलवरून जाताना नेमकी वाकत नाही, तिची कमान होते. त्यामुळे कंप नक्की कुठून सुरू होतो हेच धड ठरत नाही आणि सूर धूसर राहतो. सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने तार खाली दाबून तिथे स्पष्ट कोन पाडला, तेव्हा त्याच तारेचा आवाज जणू ओल्या कापडाखालून बाहेर आला. त्यानंतरच इंटोनेशन लावावे, म्हणजे सर्व फ्रेटवर सूर बरोबर येईल असे सॅडल पुढेमागे करावे. माझ्या बासवर बीचे सॅडल जवळजवळ शेवटपर्यंत मागे न्यावे लागले. पिकअपची (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाची) बीकडची बाजू थोडी उतरवल्यावर चुंबकाच्या ओढीने येणारा बेसूरपणाही गेला.

अँप्लिफायरवर बेसचे बटण वाढवणे हा सर्वांना सुचणारा उपाय बहुतेक वेळा उलटाच पडतो. मोकळ्या बीची मूळ कंप्रता ३०.८७ हर्ट्झ आहे, आणि लग्नाच्या हॉलमधले बरेच स्पीकर तिथवर पोचतच नाहीत. श्रोत्याला सूर ओळखू येतो तो ६२, ९३ हर्ट्झ आणि त्यापुढच्या, म्हणजे मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट अशा स्वरांशांवरून. मी बेस मध्यावर ठेवतो, २५० हर्ट्झच्या आसपास थोडे कमी करतो, ८०० च्या आसपास थोडे वाढवतो आणि हात ब्रिजकडे सरकवून वाजवतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅड एकत्र सुरू असतानाही काळी एकचा षड्ज आता स्वच्छ कळतो.

या तारांबद्दल तक्रार नाही असे नाही. बी सुरुवातीचे काही दिवस फार ताठ लागते, सातव्या फ्रेटच्या वर तिचा आवाज बोथट होतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तिची चमक माझ्याकडे दोन महिन्यांपलीकडे टिकलेली नाही. ३५ इंची बासवर हीच तार लावली तर ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. तो भरीवपणा ३४ इंचांत कितीही खटपट केली तरी पूर्ण येत नाही. तरीही नवी बास घेण्याआधी एकदा हा संच नीट चढवून पाहावा, असे मी म्हणेन. बी सर्वांत आधी मरते, म्हणून १३५ ची एक सुटी तार मी आता गिटारच्या बॅगेत ठेवूनच कार्यक्रमाला निघतो.